चाळिसाव्या चालीनंतरचं अक्षर

फोंडा तालुक्यातल्या एका आईचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असं सगळं गाळून, थोडक्यात ते असं:

मुलगा पंधरा वर्षांचा, यंदा दहावीत. सात वर्षं बुद्धिबळ खेळतोय, रेटिंग, म्हणजे खेळाची ताकद दाखवणारा आकडा, सोळाशेच्या आसपास. वर्षभरात पाच दिवसांच्या, नऊ फेऱ्यांच्या तीन स्पर्धा खेळला आणि तिन्ही ठिकाणी एकच घडलं. पहिल्या पाच फेऱ्यांत चार-साडेचार गुण, शेवटच्या चारांत जेमतेम एक. सरांचं म्हणणं, ‘हातात आलेला डाव घालवतो’. म्हणून त्यांनी रोज आणखी एक तास कोडी सोडवायला सांगितली. ती कुठेतरी बसवायची म्हणून आई त्याला पहाटे साडेचारला उठवते. रात्री झोपायला साडेअकरा होतात. वडिलांना वाटतं, संध्याकाळचा फुटबॉल बंद केला की सगळं ताळ्यावर येईल. आजी म्हणते, ‘बसून खेळायचा खेळ, त्यात दमायला काय झालं?’ मुलगा काहीच बोलत नाही. आईचे प्रश्न तीन: फुटबॉल सोडायला लावू का? शिकवणी बदलू का? की हा खेळ त्याला झेपतच नाही? सोबत हरलेल्या आठ डावांच्या कागदांचे, म्हणजे खेळताना ज्यांवर प्रत्येक चाल लिहितात त्यांचे, फोटो.

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि ते आठ कागद त्याहून कितीतरी जास्त वेळा पाहिले. पत्रभर फुटबॉल आहे. कागदांत मला दिसलं ते तुमच्या मुलाचं अक्षर.

मुलगा टापटीप आहे. प्रत्येक चालीपुढे घड्याळात उरलेली मिनिटं बारीक आकड्यांत लिहून ठेवतो. ही सवय ज्या सरांनी लावली त्यांना माझा नमस्कार सांगा, त्यांना बदलायची घाई करू नका. सकाळच्या फेऱ्यांचे कागद, एक सोडला तर, शेवटपर्यंत एकसारखे आहेत. दुपारच्या कागदांवर मात्र तिसाव्या-बत्तिसाव्या चालीपाशी मिनिटं लिहिणं थांबतं. पस्तिशीनंतर अक्षर उजवीकडे कलायला लागतं. एका कागदावर दोन चाली लिहायच्याच राहिल्या आहेत, दुसऱ्यावर पांढऱ्याची चाल काळ्याच्या रकान्यात पडली आहे. आणि एकाच्या कोपऱ्यावर तेलाचा डाग आहे, बहुधा मिरची भज्याचा. त्या डागाकडे नंतर येतो.

आधी त्या आठांतले तीन कागद बाजूला काढू. त्या तीन डावांत तो पंचविसाव्या चालीपर्यंतच अडचणीत आला होता, समोरचे खेळाडू त्याच्याहून दोनशे-अडीचशे रेटिंगने वरचे होते. स्विस पद्धतीच्या स्पर्धेत जिंकणाऱ्याची गाठ जिंकणाऱ्याशीच घालतात. पाच फेऱ्यांत साडेचार गुण मिळवलेल्या मुलासमोर सहाव्या-सातव्या फेरीत तगडा गडीच येणार. म्हणजे ‘शेवटी शेवटी हरतो’ यातला काही भाग स्पर्धेच्या रचनेतच आहे. हे तीन पराभव बुद्धिबळाचे आहेत. त्यांचं उत्तर सरांकडे आहे आणि ते सावकाश मिळेल.

उरलेले पाच वेगळे. त्यांतले चार डाव दिवसातले दुसरे, म्हणजे दुपारचे. पाचवा शेवटच्या दिवशी सकाळचा. पाचही डावांत पस्तिसाव्या चालीपर्यंत तो बरोबरीत किंवा वरचढ आहे. एका डावात तर हत्तींच्या एंडगेममध्ये, म्हणजे थोडीच मोहरी उरलेल्या शेवटच्या टप्प्यात, एक प्यादं जास्त असताना त्रेचाळिसाव्या चालीला एका शहात हत्ती देऊन बसलाय. त्याआधीची त्याची शेवटची नोंद बावीस मिनिटांची आहे. वेळ होता, ताई. त्याने तो वापरला नाही. दमलेला खेळाडू पटावर मंदावतो असं आपल्याला वाटतं. मी पाहिलेले बहुतेक उलट वागतात, ते घाई करतात. त्यांना कसंही करून उठायचं असतं.

सरांचं निदान बरोबर आहे: मुलगा हातात आलेले डाव घालवतो. पण त्यावर जे औषध सुरू झालं, पहाटे साडेचारचं, ते दुखणं वाढवणारं आहे.

आता आजींच्या प्रश्नाकडे येतो, कारण मला तो सगळ्यात खरा वाटला. बसून खेळायच्या खेळात दमायला काय होतं? हिशेब मांडून बघा. अशा स्पर्धेत साधारणपणे प्रत्येकाला ९० मिनिटं आणि प्रत्येक चालीला ३० सेकंद जास्तीची मिळतात. डाव साठ चालींचा झाला तर एकेकाचे दोन तास, दोघांचे मिळून चार. दिवसाला असे दोन डाव, ओळीने चार दिवस, पाचव्या दिवशी शेवटचा. आजींना सांगा, देवळातल्या सप्ताहात भजनाला बसणाराही बसूनच असतो, तरी पार, म्हणजे भजनाच्या पाळ्या, बदललेच जातात.

एक खबरदारी मात्र घ्या. ‘ग्रँडमास्टर डावाच्या दिवशी ६००० कॅलरी जाळतो’ असा एक आकडा मोबाइलवर फिरत असतो. तो धरून मुलाला तूप-बदाम भरवू नका. मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, आणि स्वस्थ बसलेल्या माणसाच्या एकूण ऊर्जेतला सुमारे २० टक्के वाटा तो घेतो, हे खरं. पण अवघड विचार केल्याने हा वाटा थोडासाच वाढतो. दमवतो तो ताण. नाडी वाढते, श्वास वरवरचा होतो, मान आणि खांदे तासन्‌तास आखडून राहतात, पाणी प्यायचं राहतं, आणि रात्री तोच डाव डोळ्यांसमोर नाचतो. चालत्या-पळत्या शरीराची वाढलेली नाडी लवकर खाली येते, हा व्यायामाचा इथला खरा उपयोग.

डोक्याच्या दमण्याबद्दलही आता बरंच कळलं आहे. २०२२ साली पॅरिसमधल्या संशोधकांनी दिवसभर अवघड बौद्धिक काम केलेल्या माणसांचा मेंदू तपासला, तेव्हा निर्णय घेण्याशी संबंधित पुढच्या भागात ग्लुटामेट नावाचं रसायन साचलेलं आढळलं. अशी माणसं मग सोपा, कमी कष्टाचा आणि लगेच फळ देणारा पर्याय निवडू लागली. ते वाचताना मला शेवटच्या फेऱ्यांत समोर दिसलं ते मोहरं मारत सुटणारे आपले खेळाडू आठवले.

हे फक्त सोळाशे रेटिंगवाल्यांचं नाही, हे मुलाला जरूर सांगा. १९८४च्या सप्टेंबरात मॉस्कोला कार्पोव आणि कास्पारोव यांचा जगज्जेतेपदाचा सामना सुरू झाला. जो सहा डाव जिंकेल तो विजेता. २७ डावांनंतर कार्पोव ५-० असे पुढे होते, एकच विजय हवा होता. तो आलाच नाही. सामना पाच महिने, ४८ डाव चालला. कार्पोव यांचं वजन सुमारे दहा किलो घटल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. एकवीस वर्षांच्या कास्पारोवने शेवटचे दोन डाव ओळीने जिंकले आणि फेब्रुवारी १९८५मध्ये जागतिक संघटनेच्या अध्यक्षांनी सामना निकालाविना थांबवला. थकव्याचं कारण पुढे केलं गेलं, खेळाडूंनी मात्र पुढे खेळायची तयारी दाखवली होती. खरं-खोटं काही असो, त्यानंतर अमर्याद डावांचा सामना पुन्हा झाला नाही.

अलीकडचं हवं असेल तर १२ डिसेंबर २०२४चा सिंगापूरचा डाव घ्या. गुकेश आणि डिंग लिरेन, चौदावा आणि शेवटचा डाव. चौपन्न चालींपर्यंत बरोबरीकडे चाललेला. पंचावन्नाव्या चालीला डिंगने हत्ती चुकीच्या घरात ठेवला आणि जगज्जेतेपद गेलं. ती चूक निव्वळ थकव्याची होती असं मी म्हणणार नाही, मनावरचं ओझंही होतंच. पण त्रेचाळिसाव्या चालीला हत्ती गमावून गप्प झालेल्या तुमच्या मुलाला हा डाव पटावर मांडून दाखवा. ‘झेपत नाही का’ हा तुमचा तिसरा प्रश्न मला त्यानंतर विचारा.

झोपेबद्दल थोडं कडक बोलणार आहे. रागावू नका.

साडेअकरा ते साडेचार म्हणजे पाच तास. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते, असं झोपेचे तज्ज्ञ सांगतात. म्हणजे तुमचा मुलगा रोज निदान तीन तासांच्या उधारीवर जगतोय आणि स्पर्धेला निघतानाच ती उधारी बरोबर घेऊन जातोय. आपल्याकडे पहाटेच्या अभ्यासाची थोरवी फार. माझे वडीलही मला पहाटे उठवायचे. पण त्यांच्या काळी घरात साडेआठला दिवे मालवत, हे आपण सोयीने विसरतो. शिवाय वयात येताना मुलांच्या शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, त्यांना रात्री उशिरा झोप येते आणि सकाळी उशिरा जाग. हा आळस नव्हे. त्यात दिवसा शिकलेलं पक्कं होतं ते झोपेतच, म्हणजे पहाटेच्या ज्या तासात तुम्ही त्याच्याकडून कोडी सोडवून घेता, त्याच तासात आदल्या दिवशीची कोडी मुरायची असतात.

तेव्हा पहिलं काम: साडेचारचा गजर बंद. कोडी अर्ध्या तासाची करा, शाळेतून आल्यावर. गोव्यातल्या बहुतेक शाळा दुपारी दीडपर्यंत सुटतात, हे आपलं नशीब आहे. जेवण, मग वीस-पंचवीस मिनिटांची डुलकी, त्याहून जास्त नको, आणि मग कोडी. दुपारी दुकानांच्या फळ्या लावणाऱ्या आपल्या लोकांना बाहेरचे सुशेगाद, म्हणजे निवांत, म्हणून हसतात, आणि दुपारची शिकवणी लावून आपणही आपल्याच मुलांची ती झोप काढून घेतली आहे.

माझे एक काका गावच्या उत्सवी नाटकांत काम करायचे. देवळापुढे मांडव, पडदा वर जायला रात्रीचे अकरा, तिसरा अंक रंगायला पहाट. नाटकाच्या दिवशी दुपारी माझी आजी सगळ्या पोरांना दटावून गप्प करायची, कारण काका झोपलेले असत. त्यांना कोणी आळशी म्हटल्याचं आठवत नाही. तिसऱ्या अंकात आवाज लागायला हवा, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

स्पर्धेच्या रात्री आणखी एक शत्रू असतो: मोबाइलवरचं इंजिन, म्हणजे डाव तपासणारा प्रोग्राम. हरलेला डाव त्यात घातला की पाच सेकंदांत ते सांगतं की अडतिसाव्या चालीला तू जिंकत होतास. मग कसली झोप! नियम करून टाका: स्पर्धा संपेपर्यंत हरलेला डाव इंजिनाला दाखवायचा नाही. कागद पाकिटात, पाकीट बॅगेत. स्पर्धेनंतर दोन दिवसांनी सरांबरोबर बसून, आधी इंजिनाशिवाय. रात्रीचे ऑनलाइन ब्लिट्झ, म्हणजे काही मिनिटांचे झटपट डावही त्याच पाकिटात. आणि स्पर्धेहून परतताना गाडीत त्या डावाची चर्चा वडिलांनीही करायची नाही. हे मी अनुभवाने सांगतो. माझी मुलगी खेळत होती तेव्हा मी स्कूटरवरून घरापर्यंत तिचा डाव तिलाच समजावत यायचो. एकदा सिग्नलला थांबलो तर ती म्हणाली, ‘बाबा, मला भूक लागलीय.’ चार तास खेळून आलेल्या पोरीला मी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

आता फुटबॉल. त्याच्या दिवसाची बेरीज करा. शाळेत साडेपाच तास बसून, शिकवणीत बसून, बुद्धिबळाला बसून, गृहपाठाला बसून. हालचाल अशी तो दिवसातून दीड तास करतो, आणि नेमका तेवढाच दीड तास त्याच्या वडिलांना कापायचा आहे. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी तासभर तरी दम लागेल असं खेळावं, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस. घरोघरचे पालक त्यासाठी मुलांच्या मागे लागतात, तुमचा मुलगा आपण होऊन मैदानावर जातो.

फुटबॉल खेळून ओपनिंग, म्हणजे डावाची सुरुवात, सुधारत नाही, एंडगेमही येत नाही. तो अभ्यास वेगळाच करावा लागतो. पण छाती-फुप्फुसं तयार होतात, रात्री झोप लागते, आणि दीड तास पटाचा विचार डोक्यात नसतो. मॅग्नस कार्लसनचं फुटबॉलवेड जगजाहीर आहे. २०१८ साली लंडनला जगज्जेतेपदाचा सामना चालू असताना मोकळ्या दिवशी फुटबॉल खेळताना टक्कर होऊन त्याचा डोळा काळानिळा झाला, तशाच डोळ्याने तो पुढच्या डावाला बसला. विजेतेपद राखलं ही गोष्ट वेगळी, पण यातून तुमच्या मुलाने एवढंच उचलावं की स्पर्धेच्या आदल्या दिवशी आंतरवाड्यांची मॅच खेळायची नाही. मैदानाला दोन फेऱ्या, थोडं पासिंग, घरी. पावसाळ्यात चिखलात घसरून मनगट मुरगळलं तर मोहरं कोण उचलणार?

आणि एक. ‘बुद्धिबळासाठी चांगला’ म्हणून फुटबॉलला परवानगी देऊ नका. त्याला आवडतो म्हणून द्या. नाहीतर उद्या मैदानावरही तुम्ही स्टॉपवॉच घेऊन उभ्या राहाल.

तेलाचा डाग. तुम्ही लिहिलंय की स्पर्धेला त्याच्यासाठी पूर्ण डबा नेता, भात, हुमण (माशाची आमटी), तळलेला मासा, ‘पोटभर जेवल्याशिवाय डोकं कसं चालणार’. मायेने नेता, ते कळतं. पण दुपारी दोन-अडीचची वेळ शरीराच्या घड्याळात तशीही पेंगेची. त्यावर भरपेट शीत-कडी आणि वर मिरची भजी पडली की फेरीच्या पहिल्या तासात डोळे जड आणि तिसऱ्या तासात पोट रिकामं. घटका मोजून खायला द्या. सकाळी नीट न्याहारी. दोन फेऱ्यांच्या मध्ये अर्धंच जेवण, दही-भात, उकड्या तांदळाची पेज, भाजी-चपाती, त्याला जे रोज पचतं तेच. स्पर्धेच्या दिवशी नवा पदार्थ नको. उरलेलं अर्धं जेवण दुपारच्या डावात दीड-दोन तासांनी: एखादं रसबाळी केळं, चार खजूर, मूठभर शेंगदाणे. पाण्याची बाटली टेबलाशी असू दे आणि ती डाव संपताना रिकामी असू दे. मासा रात्री घरी.

कॉफी आणि डब्यातली ती एनर्जी पेयं? जर्मनीतल्या संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात कॅफिन घेतलेले बुद्धिबळपटू जास्त खोल विचार करू लागले, पण त्याला वेळही जास्त घेऊ लागले आणि घड्याळापायी डाव गमावू लागले. पंधराव्या वर्षी त्या वाटेला जाऊच नका. दुपारची कॉफी रात्रीची झोप खाते, एवढं कारण मला पुरे आहे.

दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात त्याला हॉलच्या बाहेर काढा. जर्मनीतल्याच स्पर्धांच्या अभ्यासात असं दिसलं आहे की खेळाच्या खोलीत सूक्ष्म धूलिकण वाढले की खेळाडूंच्या चुका वाढतात, वेळ कमी उरला असताना तर जास्तच. आपल्या हॉलमध्ये दोनशे माणसं आणि बंद खिडक्या. बाहेर पंधरा मिनिटं चाला, झाडाखाली बसवा, डोळे मिटू द्या. डाव चालू असताना बाहेर जाता येत नाही, पण समोरच्याची चाल असताना उठून हॉलमध्येच एक फेरी मारायला हरकत नसते. तासातून एकदा खांदे सैल करून चार खोल श्वास. तिसाव्या चालीला मिनिटं लिहिणं बंद होतंय असं त्याचं त्यालाच दिसलं तर ती खूण धरून त्याने पाणी प्यावं, दोन मिनिटं हात मांडीखाली ठेवावेत आणि मगच मोहऱ्याला हात लावावा. पुष्कळ डाव एवढ्यानेच वाचतात.

आता तुमच्या हातातले पर्याय. शिकवणी बदलणं मला घाईचं वाटतं. त्याऐवजी हे पाच आणि तीन कागद सरांपुढे ठेवा, कोडी कमी का केली ते मोकळेपणाने सांगा. चांगले सर ऐकतील. जुने जगज्जेते मिखाइल बोटविनिक तर सांगायचे की स्पर्धेच्या पाच दिवस आधी पटाला हात लावू नये. या गृहस्थांनी सिगारेटच्या धुराची सवय व्हावी म्हणून सरावाच्या डावांत जोडीदाराला तोंडावर धूर सोडायला लावला होता, म्हणजे विश्रांतीचा सल्ला देणारा माणूस तयारीत कसूर करणारा नव्हता. पाच दिवस तुम्हाला जमणार नाहीत. दोन जमवा.

दहावीच्या वर्षात पाच दिवसांच्या किती स्पर्धा, हा खरा प्रश्न आहे आणि तो तुम्ही विचारलाच नाहीत. माझ्या मते दोन, फार तर तीन, आणि प्रत्येकीनंतर एक पूर्ण रिकामा दिवस. रोज सकाळी सातला निघून रात्री नवाला घरी, असं पाच दिवस करण्यापेक्षा स्पर्धेच्या गावात आत्या-मावशी असेल तर तिच्याकडे राहा. नातेवाइकांचा एरवी तरी काय उपयोग! काही स्पर्धांमध्ये आधी कळवून एखाद्या फेरीला अर्ध्या गुणाचा बाय, म्हणजे न खेळता अर्धा गुण, घेता येतो. शेवटच्या फेऱ्यांना तो सहसा देत नाहीत, म्हणून माहितीपत्रक नीट वाचून मधल्या दिवसाची दुपार त्यासाठी मागता येते का ते बघा. वडील म्हणतील, अर्धा गुण फुकट घालवला. त्यांना त्याचे दुपारचे चार कागद दाखवा आणि तिथे किती गुण गेले ते मोजायला सांगा.

२०२५च्या नोव्हेंबरात आपल्या गोव्यातच, हडफड्याला, बुद्धिबळाचा विश्वचषक झाला तेव्हा तुम्ही मुलाला घेऊन गेला होता, असं पत्रात आहे. तिथली रचना आठवते का? दोन दिवस दोन मोठे डाव, बरोबरी झाली तर तिसऱ्या दिवशी टायब्रेक, म्हणजे निकालासाठी कमी वेळाचे डाव. जो दोन दिवसांत निकाल लावेल त्याला तिसरा दिवस मोकळा. म्हणजे तिथे विश्रांती कमवावी लागत होती. जवळपास महिनाभर हे चाललं आणि २०६ खेळाडूंतून उझबेकिस्तानचा एकोणीस वर्षांचा सिंदारोव शेवटपर्यंत टिकला, तेही अंतिम फेरीत टायब्रेक खेळून. आपल्या स्विस स्पर्धांत असा दिवस कोणी देत नाही. तो आपणच काढायचा.

रेटिंगची फार धास्ती घेऊ नका. अठराच्या आतल्या खेळाडूंसाठी रेटिंग किती वेगाने बदलावं ते ठरवणारा गुणांक ४० असतो, मोठ्यांसाठी बहुधा २०. त्यामुळे एका वाईट स्पर्धेत ते धाडकन खाली येतं आणि तितक्याच वेगाने वरही जातं.

अशाच दमणुकीची आणखी पत्रं माझ्याकडे पडून आहेत, त्यांनाही इथेच दोन ओळी. डिचोलीच्या एका आईने मुलीबद्दल लिहिलं होतं. तेराव्या वर्षी आपल्याकडे मुलींचं मैदान सुटतं, ते सुटू देऊ नका, पोहणं, सायकल, काहीही चालेल. सारखी दमत असेल तर हिमोग्लोबिन तपासा, कारण २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून जास्त मुलींत रक्तक्षय आढळला होता. पाळीचे दिवस स्पर्धेत आले तर काय करायचं ते आधीच बोलून ठेवा. आपल्या भक्ती कुलकर्णी २०२२च्या चेन्नई ऑलिंपियाडमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या संघात होत्या. मुलगी थकली की हा तिचा खेळ नव्हे म्हणणाऱ्यांना हे सांगा. आणि म्हापशाचे ते बावन्न वर्षांचे गृहस्थ, जे कचेरी सुटल्यावर रात्री अकरापर्यंत खेळतात: तुम्ही रोज अर्धा तास चाला, रात्रीचे डाव निम्मे करा, आणि रक्तदाब मोजून घ्या. तुमचं पत्र मला स्वतःच्या पत्रासारखं वाटलं.

ताई, तुमच्या मुलाचे डोळेही एकदा तपासून घ्या. घोरत असेल, पुरेसं झोपूनही दिवसा पेंगत असेल, सारखं डोकं दुखत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. बहुतेक काही निघणार नाही, पण वर्षभर कोडी वाढवत राहण्यापेक्षा तपासणी स्वस्त.

एक गोष्ट मात्र तुमच्या पत्रात मला सापडली नाही. सर काय म्हणाले ते आहे, वडील, आजी सगळ्यांचं आहे. त्याला कोणी विचारलं का, की त्रेचाळिसाव्या चालीला तुला काय होत होतं? उत्तर लगेच येणार नाही. मैदानावरून आल्यावर, हातपाय धुऊन खायला बसला की विचारा, आणि मग थोडा वेळ तुम्हीही गप्प बसा. त्याला साडेचारला उठवायला तुम्ही सव्वाचारला उठत असणार, तेव्हा ती झोप तुम्हालाही हवी आहे.

पुढच्या स्पर्धेनंतर मला पुन्हा कागद पाठवा, दुपारच्या डावांचे. किती गुण झाले ते नाही कळवलं तरी चालेल. चाळिसाव्या चालीपुढे तो मिनिटं लिहितोय का, एवढंच मला पाहायचं आहे.